पाणी उताराला जातं

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तपासनीस बाईंनी कारखान्याच्या विहिरीत लाल रंग ओतला, त्याला महिना होत आला होता. विहीर म्हणायची एवढंच. कारखान्याचं विषारी सांडपाणी पंपाने दाबून खोल जमिनीत जिरवायचं ते भोक. उतारावरच्या गावाच्या पाण्यात लाली दिसली, की विहिरीला कुलूप.

रोज गावात उतरायचं, बाटल्या भरायच्या, पुन्हा वर यायचं. बाईंचे गुडघे बोलायला लागले होते.

"दिसलं काही?" फोरमनने विचारलं.

"आजही काचेसारखं स्वच्छ."

"मग सुटलो म्हणा ना, बाई! घरी रोज विचारतात, नोकरी आहे की गेली?"

"गावातली पोरंबाळं ते पाणी पितात. उद्याचा दिवस बघू."

"बघा. पण पाणी उताराला जातं, बाई. खाली नाही म्हणजे कुठंच नाही."

ऑफिसातही सगळे तेच म्हणत. वरच्या बाजूचं पाणी तपासायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

फोरमनने पेला पुढे केला. बाईंनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली.

"आमचं पाणी चालत नाही वाटतं?"

"घरचं बरं. आमच्या वसाहतीचं बोअर आहे, टेकडीवर."

संध्याकाळी टेकडी चढून त्या घरी पोचल्या, तर सासूबाई दारातच उभ्या. हातात ओली साडी.

"काय गं, रंग जाणारं काय भिजवलंस हिच्याबरोबर? माझी पांढरी साडी गुलाबी झाली!"

"भिजवलं असेल काहीतरी, आई. दमलेय मी."

"दमलीस म्हणून सासूला नवरी करतेस?"

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशीही गावाचं पाणी स्वच्छ निघालं. बाईंनी मंजुरीवर सही केली.

विहीर पुढे बरीच वर्षं चालली. फोरमन मॅनेजर झाला, नातवंडांत रमला. गावाचं पाणी अजून गोड आहे. सासूबाई पोटाच्या दुखण्याने गेल्या. डॉक्टरांना शेवटपर्यंत निदान झालं नाही. बाईंच्याही पोटाची दोन ऑपरेशनं झाली. निवृत्तीनंतर वसाहत सोडताना कपाटाच्या तळाशी ती साडी सापडली. आवराआवरीला आलेल्या शेजारीणबाईंनी ती उलगडली आणि त्या हसायलाच लागल्या.

"अगंबाई, तुमच्याकडेही? त्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्या पांढऱ्या चादरी अशाच गुलाबी झाल्या होत्या. मी बिचाऱ्या धुणंवालीला कामावरून काढलं."