रेडिओ बारीक करा

तंत्रज्ञाचं बिस्किट चहात पडलं. पुलावरच्या खड्ड्यांबद्दल तिसरा फोन आला, एका आजोबांचा. लेकीचा डबा आज माझ्याच पिशवीत राहिला होता.

रेडिओवरच्या माझ्या दुपारच्या कार्यक्रमात मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते तेच सांगितलं, "आजोबा, आधी घरातला रेडिओ बारीक करा." आमचं बोलणं श्रोत्यांपर्यंत सात सेकंद उशिरा पोहोचतं, त्यामुळे फोनमागे माझंच शिळं वाक्य घुमत राहतं.

"बारीक कशाला करू, ताई? तुम्ही रडताय त्यात."

मी हसले. "मला रडायला काय झालंय?"

मग त्यांचा रेडिओ मला ऐकू आला. आवाज माझाच होता. "पुलाकडे कुणी जाऊ नका," मी म्हणत होते. "शाळेची बस..." पुढे नुसता श्वास होता.

काचेपलीकडे तंत्रज्ञाने हातातला कप खाली ठेवला. त्यानेही ऐकलं होतं.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. लेकीची शाळा साडेतीनला सुटते आणि तिची बस पुलावरूनच येते. त्याला गाणं लावायची खूण करून मी बसच्या ड्रायव्हरकाकांना फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"ताई, गाणं लागतच नाहीये," तंत्रज्ञ म्हणाला. "तुमचा माइक चालू आहे."

त्या दिवशी शाळा तीनलाच सुटली होती.