पुसलेली फरशी

"कोणी पुसली ही फरशी?"

भिंगवाल्या बाईंनी पेटी दारातच खाली ठेवली. स्वयंपाकघरात फिनेलचा वास भरून राहिला होता. फरशा चकचकीत होत्या. ओट्याखालच्या कोपऱ्यात पाणी अजून सुकलं नव्हतं.

इन्स्पेक्टर मोबाइल खिशात टाकत पुढे आला. "घरच्यांनी थोडं आवरलं. अपघातच आहे मॅडम. नवरा सांगतो, बायकोचा पाय घसरला, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. तुमचं काम दहा मिनिटांचं आहे."

"अपघात आहे, तर मला कशाला बोलावलंत?"

"डॉक्टरांनी शंका काढली. डोक्याला दोन जखमा आहेत म्हणे."

"म्हणजे घसरून पडली, उठली आणि परत आपटून घेतलं?"

इन्स्पेक्टरनं खांदे उडवले.

भिंगवाल्या बाई हे नाव त्यांना पोलिसांनीच ठेवलं होतं, थोडं चेष्टेनं. केस, धागे, मातीचे कण, वाळलेले थेंब. लोक जे झटकून टाकतात त्यावर त्यांचं पोट होतं. आज झटकायलाही काही उरलं नव्हतं. त्यांनी पडदे ओढले, दिवा घालवला आणि गुडघे टेकून पुसलेलं रक्तही उजळवणारा फवारा मारला. फरशांच्या फटींतून निळसर उजेड उमटला. भिंतीवर तसाच एक पसरट, फराटे ओढल्यासारखा डाग उजळला आणि विझला.

भिंतसुद्धा पुसली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रक्त सांडलं होतं, हे तर नवराही सांगतोय," त्या दिवा लावून म्हणाल्या. "ते कसं उडालं, कुठून उडालं, हे मला हवं होतं. कोणी कोणाच्या डोक्यात घालतं, तेव्हा बारीक शिंतोडे भिंतीवर उडतात, मारणाऱ्याच्या अंगावर उडतात. तेवढ्यावरून मी तो कुठे उभा होता ते सांगितलं असतं. दाराला कुलूप लावायला तुमचं काय जात होतं?"

"मॅडम, नवरा आंघोळीला गेला होता. बाहेर आला तर ती पडलेली. रक्त बघून त्याला भोवळ आली, तो जवळसुद्धा गेला नाही. अँब्युलन्सवाल्यांनीच तिला उचललं."

"त्याचे कपडे?"

"बघितलेत मी. स्वच्छ आहेत."

"तुमच्या या तपासात सगळंच स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "पुसलं कोणी, ते सांगा."

इन्स्पेक्टरनं हनुवटीनं आतल्या खोलीकडे खूण केली. "तिची आई आहे. मॅडम, जरा जपून."

पलंगाच्या कडेवर एक म्हातारी बाई बसली होती. मांडीवर हँडबॅग, बॅगेवर दोन्ही हात. फिनेलच्या पाण्यानं बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. ते हात बघूनही बाईंचा राग खाली उतरला नाही.

"तुम्ही पुसलंत?"

"हो."

"कशाला? पोटची मुलगी गेली तुमची. ती कशी गेली, ते त्या फरशीवर होतं, त्या भिंतीवर होतं. तुम्ही ते बादलीत पिळून मोरीत ओतलंत."

आई रडली नाही. तिनं मान वर केली.

"जावई म्हणाले, लोक येतील, बरं दिसत नाही. एवढं पुसून घ्या, भिंतसुद्धा. फडकं म्हणून कपाटातून त्यांचा एक जुना शर्ट काढून दिला. मग ते हॉस्पिटलात गेले."

बाईंचा राग तसाच होता, पण आता त्याला तोंड सापडलं होतं. मारताना अंगावर असलेलाच शर्ट त्यानं जुना म्हणून सासूच्या हातात दिला असणार. एकदा तो बादलीत बुचकळला, की त्यावर रक्त सापडलं तरी वकील हसून म्हणणार, फरशी पुसायला घेतला होता ना? ज्या आईनं मुलीला न्हाऊमाखू घातलं, तिच्याच हातून त्यानं घर धुऊन घेतलं आणि स्वतःलाही धुऊन घेतलं.

"कुठंय तो शर्ट?" बाईंनी विचारलं. त्यांना फार आशा नव्हती.

आईनं बॅग उघडली. आत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला फिकट पिवळा शर्ट होता. बाईंनी हातमोज्याच्या बोटांनी त्याची कड चाचपली. मग पुन्हा चाचपली.

"हा तर कोरडा आहे."

"त्यानं नाही पुसलं मी. माझ्या शालीनं पुसलं."

"हे आधी नाही का सांगायचं, काकू?" इन्स्पेक्टर दारातून म्हणाला.

"सांगायलाच आले होते. तुम्ही म्हणालात, जरा बसा, तुमची मनःस्थिती ठीक नाही."

बाईंनी इन्स्पेक्टरकडे वळूनही पाहिलं नाही. त्या आईसमोर खाली बसल्या.

"शालीनं का पुसलंत?"

"तो तिला मारायचा. ती कधी बोलली नाही, पण मला दिसायचं." आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याच्या कपड्याला माझ्या लेकीचं रक्त लागू द्यायचं नव्हतं मला. पुसून झालं, मग शर्ट फेकून द्यावा म्हणून घडी उघडली, तर ते आधीच लागलेलं होतं."