शिपाई थ्विंगचा तपास

अरे ऐका तर! आम्हा क्वेकर पंथाच्या लोकांच्या प्रार्थनासभेला मॅसॅच्युसेट्समध्ये बंदी, तरी गेल्या रविवारी आम्ही हेप्झिबा मावशीच्या कोठारात जमलोच. तेवढ्यात शिपाई थ्विंग दार ढकलून आत!

"चालू द्या तुमचं! प्रवचनाचा एक शब्द जरी ऐकला, तरी सगळे तुरुंगात!"

"बस रे बाबा," म्हणत मावशीने त्याला स्टूल दिलं.

आता आमच्यात पाद्रीच नाही. देवाने आतून सुचवलं तरच बोलायचं, आणि त्या दिवशी देवाने कुणालाच काही सुचवलं नाही. तीन तास नुसते गप्प! थ्विंग चक्क घोरायला लागला.

सोमवारी आम्ही सगळे कोर्टात. न्यायाधीश थ्विंगवर गरजले, "काय ऐकलंस?"

"काहीच नाही साहेब."

"तीन तासांत एक शब्द नाही? आपल्या चर्चचे पाद्रीबुवा तर चार-चार तास बोलायचे थांबत नाहीत!"

"खरंच साहेब. मला तर मस्त झोप लागली."

 मग न्यायाधीश म्हणाले, "पुरावा कमी पडतोय. पुन्हा तपास करावा लागेल."


या रविवारी न्यायाधीश स्वतः तपासाला आले, काखेत उशी घेऊन, आणि त्यांच्या मागोमाग पाद्रीबुवांची बायको!