जेरुसलेमपर्यंतची पानं

“‘वेढा घालणारेच आता वेढ्यात सापडले.’ लिहिलंस?”

“लिहिलं. पुढं?”

मुकुंदराव अंगणातल्या खुर्चीत ताठ बसले. समोर त्यांची बायको शरयू, मांडीवर पाट, पाटावर कागद. डाव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून ती लिहायची. बोट असलं की ओळ वाट चुकत नाही, म्हणायची.

“अँटिओक शहरात खायला काही उरलं नव्हतं. घोड्यांची कातडी उकडून खाल्ली. रानातली काटेरी रोपं अर्धकच्ची शिजवली, ती जिभेला टोचायची.”

“करडईसारखी?”

“बराबर करडईसारखी. पण ते लिहू नको.”

“लिहिते का मी? विचारून राह्यले फक्त.”

काचबिंदूनं मुकुंदरावांची नजर नेली, ती कॉलेजातून निवृत्त झाले त्याच वर्षी. पुस्तक तेव्हा कुठं सुरू व्हायचं होतं. क्रुसेड्सचा, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांचा, मराठीत सलग इतिहास. युरोपातून चालून आलेले फ्रँक, अरब आणि ग्रीक अशा तिघांच्या साक्षी समोरासमोर ठेवून. “एकाच्याच तोंडचं ऐकून लिहिलं तर तो इतिहास न्हाई, चहाडी आहे,” ते म्हणायचे.

त्यांची जुनी विद्यार्थिनी आकांक्षा जालन्याहून जुन्या बखरींची भाषांतरं वाचून मोबाईलवर पाठवायची. दुपारभर ते ऐकायचे. सकाळी चहा झाला की शरयू कालचं पान वाचून दाखवायची, ते एखादा शब्द बदलायचे, मग पुढचं सांगायचे.

“सर, तुमचं सांगणंही रेकॉर्ड करू की,” आकांक्षा एकदा म्हणाली होती.

“मशीनपुढं माझं तोंड उघडत न्हाई. समोर हुंकार द्यायला माणूस लागतं.”

मागच्या वर्षी एका सकाळी शरयू म्हणाली होती, “अहो, माझे डोळे लई चुरचुरून राह्यलेत.” मुकुंदरावांनी तिथंच हात वर केला. “बंद. पुस्तक बंद. माझे गेले, आता तुझे घालवू का?” त्यानंतर ते अंगणात आलेच नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडायचे. ताट तसंच परत जायचं. आठवड्यानं शरयू त्यांच्या उशाशी बसली. “डॉक्टरनं थेंब दिले. आता बिलकुल ठीक आहे. उठा, ते निकाईयाच्या वेढ्याचं अर्धं राह्यलंय.”

ते उठले. जेवलेही.

आता प्रकाशकानं शेवटची मुदत दिली होती. या महिन्यात हस्तलिखित नाही आलं, तर त्याचा नाइलाज होता. मुकुंदराव भराभर सांगत सुटले. शरयूचा हात भराभर चालत राहिला.

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

“दैवशाला, साखरेचा डबा हलवलास का गं?” शरयूनं विचारलं.

“पुसायला काढला, बाई.”

“पुसलास की जिथल्या तिथं ठेव. रोज सांगते.”

“तुमच्या डब्यांना बी कुंकू लावून जागा दिलीय जणू,” कामाला येणारी दैवशाला हसली.

मुकुंदराव जेरुसलेमच्या तटाशी पोचले, त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता. कोण कोणाला मारत होतं, ते त्यांनी तिन्ही साक्षींतून सांगितलं. मग म्हणाले, “यांच्या घरी मागं आया होत्या. त्यांचं कुणीच लिहून ठेवलं न्हाई.”

शरयू हलकेच गुणगुणली,

“सांगून धाडते बाई, वाऱ्यापाशी मी निरोप
शीव ओलांडून गेला, त्याला लागू दे गं झोप”

“आईची ओवी?”

“आईचीच. शेकड्यानं होत्या तिच्याजवळ. कागदावर एक न्हाई, सगळ्या माझ्याजवळ ठेवून गेली.”

“हे पुस्तकात घालू नको.”

“न्हाई हो.”

रविवारी आकांक्षा पानं टाईप करायला न्यायला आली. तोवर कुणालाही एक पान बघायची परवानगी नव्हती. अर्धं शिजलेलं वाढायचं नाही, हा सरांचा नेम. शरयूनं गठ्ठा तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला गेली.

“वाच,” मुकुंदराव म्हणाले. “आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.”

आकांक्षा वाचू लागली. टपोरं, देखणं अक्षर होतं. मुकुंदराव डोळे मिटून मान डोलावत होते. “मधलं सोड. शेवटचं काढ. जेरुसलेम.”

तिनं गठ्ठ्याच्या मध्यात बोट घातलं. इथं ओळी उतरणीला लागल्या होत्या. थोडं पुढं एक ओळ दुसरीवर चढली होती. त्याच्या पुढं एकावर एक इतक्या, की नुसती काळी जाळी दिसत होती. तिनं घाईनं पानं उलटली. जाळी विरळ झाली, फिकी झाली, संपली.

त्यानंतर काहीच नव्हतं. तिनं एक पान उजेडात तिरपं धरलं. शाई संपलेल्या पेनाचे ओरखडे तेवढे कागदात रुतले होते. खालचं पान तसंच. त्याच्या खालचंही. अगदी तळापर्यंत.

“का गं थांबलीस?” मुकुंदराव हसले. “काकूचं अक्षर लागेना का?”

आकांक्षानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

शरयू पदराला हात पुसत आली. “जल्दीत लिहिलंय, तिला कुठून लागायचं. आण इकडं, मी वाचते.”

तिनं शेवटचं पान हातात घेतलं, बोट ओळीच्या जागी ठेवलं आणि वाचू लागली. जेरुसलेमचा तट, शिड्या, दिवसभराची कत्तल, तिन्ही साक्षी. एक शब्द अडखळला नाही. मुकुंदरावांच्या गालावरून पाणी ओघळलं.

“हे राहील मागं,” ते म्हणाले. “मी न्हाई राह्यलो तरी हे राहील.”

आकांक्षानं आपला हात उचलला आणि शरयूच्या डोळ्यांपुढून, अगदी जवळून, फिरवला.

पापणी हलली नाही. शरयू वाचत राहिली.