घोड्याचा मुक्काम

जिओकॅशिंगच्या खेळात कुणीतरी लपवलेली डबी मोबाइलवर नकाशा बघत शोधायची आणि आतलं नंबर कोरलेलं खेळणं पुढच्या डबीत नेऊन ठेवायचं, म्हणजे ते जगभर फिरत राहतं. फिनलंडहून निघालेला लाकडी घोडा मेगनला शिवडीच्या डबीत मिळाला. तो खोताच्या वाडीतल्या तिच्या घरी आला आणि तिथेच रमला. लेकीला दात येत होते. घोडा काढून घेतला की ती घर डोक्यावर घ्यायची.

फिनलंडच्या मालकिणीचा मेसेज आला, "माझा घोडा कुठे आहे?"

मेगनने लिहिलं, "हरवला हो. घरात तान्हं बाळ, लक्षच राहिलं नाही. सॉरी."

"खोटं कशाला गो?" सासू, जर्ट्रूड, म्हणाली.

"मम्मी, पोरीने एक कान चावून टाकलाय त्याचा. कुठल्या तोंडाने सांगू?"

बाईला राग येऊ नये म्हणून तिने लेकीचा सगळ्यात गोड फोटोही धाडला.

लगेच उत्तर आलं, "किती गोड! येऊ देत सगळे दात. मग पाठव त्याला पुढे. एका कानाचा चालेल."

मेगनने घाईघाईने फोटो उघडला. लेक खुदकन हसत होती, आणि तिच्या मुठीत घोडा होता.