आजीची हजेरी

“मूल शाळेत आलं नाही आणि तुम्ही कळवलं नाहीत, तर आम्ही चौकशीला माणूस पाठवू,” दुबईतल्या जर्मन-इंग्रजी शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रतिक्षाने ते हसण्यावारी नेलं. शाळा आहे की पोलीस ठाणं!

तिच्या सहा वर्षांच्या लेकीने, ईश्वरीने मात्र तो नियम मनावर घेतला. शाळेला निघण्याआधी ती शिरड शहापूरला एकट्या राहणाऱ्या आजीची, नर्मदाबाईंची, फोनवर रोज हजेरी घ्यायची.

त्या सकाळी फोन तीनदा वाजून बंद झाला.

“शेतात गेली असेल गं आजी. चल, बस येईल.”

ईश्वरी दप्तरासकट दारात बसली. “आजीनं कळवलं नाही ना? मग माणूस पाठव.”

प्रतिक्षाने वैतागूनच माहेरच्या शेजाऱ्यांना, ग्यानबाकाकांना फोन लावला. काकांनी न्हाणीचं दार तोडलं, तेव्हा नर्मदाबाई आत खुबा मोडून पडल्या होत्या.

संध्याकाळी हिंगोलीच्या दवाखान्यातून आईचा आवाज आला आणि प्रतिक्षाला रडू आवरेना.

“रडून काहून राहिलीस? त्या ग्यानबाला इचार, सागाचं दार काहून मोडलं म्हून!”

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा ऑफिसमधल्या त्या बाईंना पेढे देऊन आली. तेव्हापासून ती भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते: ओळखीतल्या कुणा एकट्या माणसाचा आवाज आज ऐकला नसेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी त्यांच्या दारी कुणाला तरी पाठवा.