शेवटची वेलांटी

"नाव त्याच अक्षरात टाक. तिला आवडायचं," श्रद्धांजलीचं पत्रक छापायला आलेले खांबेटेकाका म्हणाले.

छापखान्यातल्या वसुधाला काकांची लेक शाल्मली आठवली. गेल्या वर्षी लग्नपत्रिकेसाठी ते लपेटेदार अक्षर तिनेच निवडलं होतं. नावातली शेवटची वेलांटी हट्टाने लांबवून घेतली होती, नवऱ्याच्या नावावर छत्र धरेल इतकी.

वसुधाने संगणकावर जुनी पत्रिका उघडून नवऱ्याचं नाव पुसलं. वेलांटी रिकाम्या जागेवर तशीच वाकून राहिली.

"काका, सासरचं आडनाव घालू ना?"

"नको." काका म्हणाले. "त्या घरात एक दिवस सुखाचा घास मिळाला नाही पोरीला. आता तरी तिला माझ्या घरी येऊ दे."

वसुधाने वेलांटीखाली 'खांबेटे' लिहिलं. मुलीने धरलेल्या छत्राखाली आता बाप एकटाच उभा होता.